चौथी सही

२४ ऑक्टोबर १९६५

टेलिफोन खात्याने या वर्षी दोन नोंदवह्या पाठवल्या. आमच्या बेटावर उरली चार घरं, आणि टेलिफोन एकच, माझ्या बैठकीत. एक वहीसुद्धा भरणार नाही. म्हणून दुसरी मी घेतली. सरकारी वही खासगी कामाला वापरली म्हणून कोणी विचारलंच तर सांगेन, हवामानाच्या नोंदी आहेत.

परवा नगरपालिकेचा माणूस कागद घेऊन आला. तरुण, घट्ट बूट, सारखा नाक पुसणारा. आल्या आल्या त्याने काय करावं? पेत्रीनामावशीच्या दाराला खराटा आडवा लावलेला असताना तो बाजूला करून सरळ आत गेला आणि स्वयंपाकघरात बसून राहिला. मावशी शेळ्यांचं बघून आली तर खुर्चीत परका माणूस. ती ऐंशी वर्षांची आहे, पण खराटा उचलायला तिला मदत लागली नाही. आमच्याकडे दाराला कुलूप नसतं. दारात खराटा आडवा म्हणजे घरात कोणी नाही, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. युद्धात जर्मनांनी बेट जाळायच्या आधीही तसंच होतं.

कागदाचं असं आहे. चारही घरांनी सह्या केल्या तर सरकार सगळ्यांना ब्राईविकला, म्हणजे समोरच्या मुख्य भूमीवर, घर बांधायला मदत देणार. एकाने जरी केली नाही तर कोणालाच नाही. मुदत एकतीस जानेवारी. सहीपुढे ‘कुठे जाणार’ असा एक रकाना आहे. रेय्दार आणि तुरीदने शाई वाळायच्या आत सही केली. त्यांच्या दोन्ही मुली तिकडच्या वसतिगृहात असतात, कारण आमची शाळा वसंतातच बंद झाली. मावशीने सही केली आणि म्हणाली, “मी काय, मला न्यायला वरूनही बोट येईल.” हिल्मर म्हणाला, “बघतो.”

मी सांगितलं, हिल्मरची झाली की त्याखाली माझी करते. आधी करून काय उपयोग? कागद माझ्याकडे ठेवलाय, टेलिफोनच्या पेटीमागे.

३ नोव्हेंबर

सकाळी अकराला हिल्मर आला. टोपी काढली, बर्फ झटकला, विचारलं, “मला फोन आलाय का?” मी म्हटलं, नाही. मग बसला आणि दोन कप कॉफी प्याला, साखरेचा खडा दातांत धरून. एकोणीस वर्षं हे चाललंय. एकोणीस वर्षांत त्याला एकच फोन आला, तोही चुकून. तरी माणसाची आशा सुटत नाही. कोणाच्या फोनची वाट बघतो देव जाणे. अमेरिकेत एखादी बाई असेल तरुणपणीची. मी कधी विचारलं नाही, मला लोकांच्या भानगडीत पडायची सवय नाही.

किटलीत मी माशाच्या कातड्याचा तुकडा टाकला नाही, म्हणून कॉफीचा गाळ वर राहिला, एवढं मात्र त्याने ऐकवलं. ओलुफसुद्धा, माझा नवरा असून, कधी असं बोलला नव्हता.

७ नोव्हेंबर

रविवार. तुरीदने मुलींना फोन केला. टेलिफोन माझ्या बैठकीत, मी माझ्या स्वयंपाकघरात, मधे दार नाही. ऐकू येणारच. थोरली बोलते. धाकटी गुरी, आठ वर्षांची, बोलतच नाही, नुसती श्वास घेते आणि तुरीद इकडून म्हणत राहते, “हो गं, हो गं माझे राणी, नाताळला येशील ना.” नंतर तिने माझे धुतलेले कप पुन्हा धुतले. मी धुऊ दिले.

२१ नोव्हेंबर

आज सूर्याला निरोप दिला. सगळे टेकडीवर गेलो. एक लाल काठ पाण्यावर दिसला, तोही नीट नाही. आता दोन महिने तो उगवणार नाही, फक्त दिवा आणि आभाळात हलणारे हिरव्या उजेडाचे पडदे.

टेकडीवरून चार घरं दिसतात. चव्वेचाळीसच्या शरदात जर्मनांनी मागे जाताना आम्हाला बोटींत कोंबलं आणि एकूण एक घर जाळलं. शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात आम्ही परत आलो तेव्हा बेटावर फक्त धुराडी उभी होती. परतायची परवानगी नव्हती, लाकूड नव्हतं, खिळे तर नव्हतेच. राखेत बसून आम्ही जळके खिळे वेचले. हिल्मर दगडावर ठेवून एकेक सरळ करायचा, ओलुफ ठोकायचा, मी देत जायचे. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, संध्याकाळ होत नसे, त्यामुळे जेवायची आठवण राहत नसे. मासे उकडायचे, त्यातच यकृत टाकायचं, एकाच परातीत तिघं. इतकी हसले मी त्या उन्हाळ्यात की ओलुफ म्हणायचा, घर जळाल्यावर इतकं हसणारी बाई मी पाहिली नाही.

आमचं घर आधी झालं. हिल्मर पहिला हिवाळा उलट्या होडीखाली गवताची भिंत घालून राहिला. त्याच्याकडे तेव्हा स्वतःच्या वाट्याची लाकडं होती, ती त्याने आमच्या छपराला का दिली, हे विचारायचं राहूनच गेलं. एकटा माणूस, त्याला घाई नसेल.

ते दिवस कोणी परत देईल तर मी उद्या पुन्हा राखेत बसेन. मूर्खपणा आहे, पण वही माझी आहे.

५ डिसेंबर

वारा. मेंढ्या आत. माझ्या लेकीचा, ब्योर्गचा, दूर दक्षिणेतल्या त्रोन्हेम शहरातून फोन. माझी खोली तयार आहे म्हणे, पडदे निळे लावलेत. तिसरा मजला. विजेची चूल. मासे दुकानात वजनावर मिळतात. मी म्हटलं, वा.

१२ डिसेंबर

आज भांडण झालं. लिहून ठेवते, म्हणजे कोणाचं चुकलं ते राहील.

सकाळी तुरीदच्या फोनवर कळलं की गुरीला चार दिवस ताप होता आणि ती उशीखाली आईचा हातमोजा घेऊन झोपते. तुरीद तशीच घरी गेली. अकराला हिल्मर आला. “मला फोन आलाय का?” माझं डोकं फिरलं.

“नाही आला. येणारही नाही. त्या पोरीला तिकडे ताप येतोय आणि तू इथे कॉफी ढोसतोस. तीन घरं तुझ्यासाठी ताटकळलीत.”

“दोन,” तो म्हणाला.

“काय दोन?”

“सह्या दोन आहेत. तुझी कुठाय?”

“तू केलीस की करते. सांगितलंय मी.”

“म्हणजे तुझं अडलंय ते माझ्यामुळे.”

“तर काय मेंढ्यांमुळे?”

त्याने हातातला कप फिरवला. “आणि मग तू ब्योर्गकडे जाणार.”

“जाणार. निळे पडदे लावलेत तिने.”

“तुला निळा आवडत नाही.”

“ते तुला काय करायचंय? तू इतका आडमुठा आहेस हिल्मर, की ओलुफ असता तर त्याने तुला कान धरून सही करायला लावली असती.”

ओलुफचं नाव घ्यायला नको होतं. हिल्मरने कप खाली ठेवला, अर्धा भरलेला, टोपी घातली आणि गेला. माझं बोलणं बरोबर होतं. बोलायची तऱ्हा कदाचित नव्हती.

१३ डिसेंबर

अकराला आला नाही. खिडकीतून पाहिलं तर त्याच्या दाराला खराटा आडवा. पलीकडच्या खाडीतल्या झोपडीवर गेला असणार, जाळी बघायला. रुसला की तिकडेच जातो. जाऊ दे.

कॉफी दोघांपुरती झाली. सवय. उरलेली ओतून दिली.

१४ डिसेंबर

वादळ. अंगणापलीकडचं काही दिसत नाही. मधेच झोत थांबला तेव्हा दिसलं, खराटा तिथेच आहे. झोपडीत शेगडी आहे, लाकडं आहेत. मावशी म्हणाली, “खराटा आहे ना? मग नाही घरात. उगीच जीव टांगू नकोस.” मी म्हटलं, माझा जीव कशाला टांगेल.

१९ डिसेंबर

चार दिवस लिहिणं जमलं नाही. आता सगळं क्रमाने लिहिते.

पंधराला वारा जरा पडल्यावर रेय्दार झोपडीपर्यंत जाऊन आला. कोणी नाही. येताना त्याने होडीघरात डोकावलं. होडी जागेवर. तो माझ्या दारात उभा राहून म्हणाला, “हाल्दिसमावशी, मग हिल्मर आहे कुठे?”

मी शाल घेतली नाही की काही नाही, धावत सुटले. हिल्मरच्या दारात जाऊन थांबले. खराट्यावर वीतभर बर्फ. धुराड्यातून धूर नाही, आणि हे मला माझ्या खिडकीतून तेरा तारखेलाच दिसू शकलं असतं. एकसष्ट वर्षांची झाले, एकदाही कोणाचा खराटा ओलांडला नव्हता. आईने पहिली चापट त्याचसाठी मारली होती. माझा हात पुढे होईना. रेय्दारही मागे उभा, तोही हात लावेना. दोन धडधाकट माणसं एका झाडूसमोर. मग मी तो लाथेने उडवला.

तो पलंगावर होता. अंग निखाऱ्यासारखं, घर मात्र असं गार की बादलीतल्या पाण्यावर बोटभर बर्फ. खराटा त्यानेच लावला होता, कोणी येऊ नये म्हणून, आणि गोठ्याच्या दाराने आत जाऊन झोपला होता. मग ताप चढला आणि उठता येईना. सगळ्या बेटाने, माझ्यासकट, त्या खराट्याचा मान राखला. आणखी एक रात्र राखला असता तर संपलं होतं.

रेय्दारने चूल पेटवली. मी घरी पळाले, हामरफेस्त शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला. समुद्र असा की बोट निघणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी फोनवरूनच विचारून विचारून फुप्फुसाचं दुखणं म्हणून ठरवलं, आणि टेलिफोनबरोबर माझ्याकडे ठेवलेल्या सरकारी औषधपेटीतल्या पेनिसिलिनच्या गोळ्या कशा द्यायच्या ते सांगितलं. तीन दिवस मी आणि तुरीद आळीपाळीने बसलो. तुरीदने त्याच्यासाठी इतकं करायचं काही कारण नव्हतं. ती एकदाही कागदाबद्दल बोलली नाही. ते बघून मला माझीच लाज वाटली.

तापात तो खिळे मोजत होता. मधेच म्हणायचा, “हाल्दिसचं छप्पर आधी. तिला सर्दी होते.” वीस वर्षांपूर्वीचं छप्पर, आणि डोक्यात अजून तेच. तुरीदने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ताप आहे, बरळतोय.

सतराला पहाटे त्याने डोळे उघडले आणि विचारलं, “तू आत कशी आलीस?”

“खराटा मोडून.”

“माझा चांगला खराटा होता तो.”

मी बाहेर जाऊन गोठ्यात रडले. गोठ्यात यासाठी की तिथे मेंढ्यांशिवाय कोणी नसतं.

२४ डिसेंबर

मुली आल्या. हिल्मर माझ्याकडेच आहे, ओलुफच्या खोलीत. त्याच्या घराची चूल धूर नीट ओढत नाही म्हणून. मावशी म्हणते, “हो, चुलीचंच कारण असणार.” म्हातारपणी तिची जीभ जास्तच धारदार होत चाललीय.

सगळे माझ्याकडे जेवले. सुकं मटण वाफवलं, नाताळची बिस्किटं रिवाजाप्रमाणे सातही प्रकारची केली, पिवळ्या रानबेऱ्या साय घालून. हिल्मर वाळून अर्धा झालाय, पण दोनदा वाढून घेतलं. गुरी त्याच्यासमोर बसली होती. तिने सरळ विचारलं, “हिल्मरआजोबा, तुम्ही सही का करत नाही? मला इथून जायला आवडत नाही, पण तिथे आईशिवाय राहायला त्याहून आवडत नाही.”

रेय्दार तिला दटावणार होता. हिल्मर म्हणाला, “थांब, पोरगी बरोबर विचारतेय.” मग त्याने काटा खाली ठेवला. “तिकडे माझ्या ओळखीचं कोण आहे?”

सगळे हसले. रेय्दार म्हणाला, “आम्ही काय भुतं आहोत? आम्ही तिकडेच येणार ना सगळे.”

“सगळे नाही,” हिल्मर म्हणाला आणि बटाटा सोलायला लागला.

तुरीदने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, “काय गं?” म्हणाली, “काही नाही, हाल्दिसमावशी. मीठ दे.”

९ जानेवारी

मुली गेल्या. बोट नजरेआड होईपर्यंत गुरीने हात हलवला नाही, नुसती उभी होती. हिल्मर धक्क्यावर माझ्या शेजारी होता. म्हणाला, “सूर्य आला की मी सही करतो. हे बरोबर नाही चाललं.”

दुपारी तो आपल्या घरी राहायला गेला. चूल ओढते म्हणे आता.

घर मोठं वाटतंय.

२१ जानेवारी

सूर्याचा दिवस. पहाटेपासून मी पाव भाजले, मधे मुरंबा घातलेले. ढग होते, वाटलं फुकट जाणार. पण पावणेबाराला फट पडली आणि तो आला, पाच मिनिटं, मावशीच्या तोंडावर आधी, कारण ती सगळ्यात उंच दगडावर चढून बसली होती. सगळ्यांच्या तोंडाचा रंग कणकेसारखा झालाय हे तेवढ्यात दिसलं.

मग सगळे माझ्याकडे आले. हिल्मरने विचारलं, “कागद?” मी काढून दिला. त्याने सही केली. ‘कुठे जाणार’ पुढे लिहिलं, ब्राईविक. अक्षर सुंदर आहे त्याचं, हे मला ठाऊक नव्हतं. मग त्याने पेन माझ्याकडे सरकवलं.

मी पेन घेतलं. आणि हात हलला नाही.

तुरीद म्हणाली, “हाल्दिसमावशी, शाई नाही का?” शाई होती. सगळे बघत होते. मी म्हटलं, चष्मा नाही सापडत, उद्या करते. चष्मा डोळ्यांवर होता.

तीन महिने मी हिल्मरला आडमुठा म्हटलं. त्याच्या सहीची वाट बघतेय असं सगळ्यांना सांगितलं, मलाही सांगितलं. ती झाली आणि आता आड कोणी उरलं नाही. मला जायचं नाही. त्या पोरीच्या तापाचं खापर मी ज्याच्या डोक्यावर फोडलं, त्याच्याइतकीच मीही त्याला कारण होते, आणि तो निदान उघडपणे सही टाळत तरी होता.

२६ जानेवारी

पाच दिवस झाले. तुरीद येते, कागदाचं विचारत नाही. हिल्मर येतो, तोही विचारत नाही. मावशी मात्र आज काठी टेकत आली आणि बसायच्या आधीच सुरू झाली.

“काय अडलंय? ओलुफची कबर?”

“तीही.”

“आणि?”

“घर. टेलिफोन. सकाळी किटली ठेवली की अकरा वाजेपर्यंत... त्रोन्हेमला मी अकरा वाजता काय करू, मावशी?”

“हिल्मर काय करणार, त्याचाही विचार कर जरा.”

“त्याचा काय संबंध?”

मावशीने काठी जमिनीवर आपटली. “एकोणीस वर्षं माणूस वादळातून रोज फोनचं विचारायला येतो, आणि या बयेला वाटतं त्याला फोन हवाय. अगं, सगळ्या बेटाला माहीत आहे. ओलुफला माहीत होतं.”

“ओलुफला?”

“मला म्हणाला होता, आजारात. म्हणाला, हिल्मर आहे, तेव्हा हाल्दिसची काळजी नाही, फक्त तिला कळायला वेळ लागेल. त्याने वेळ म्हणजे वर्ष-दोन वर्षं धरली असतील बिचाऱ्याने. सात होऊन गेली.”

ती गेल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. टेलिफोन वाजला तो घेतला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

मला राग आला, आधी मावशीचा, मग ओलुफचा. मग शेहेचाळीसचा उन्हाळा आठवला. मी इतकी का हसत होते, याचा विचार मी कधी केला नव्हता. आज केला. ओलुफवर माझं प्रेम होतं, त्यात काही खोट नाही. पण परातीवर आम्ही तिघं होतो.

३१ जानेवारी

मुदतीचा दिवस. अकराला हिल्मर आला. फोनचं विचारायच्या आत मी म्हटलं, “बस. आज फोन मला करायचाय.” तेवढ्यात तुरीद, रेय्दार आणि मावशीही आले, बोलावल्यासारखे. बरं झालं. मी इतकी वर्षं सगळ्यांचं ऐकलं, आज त्यांनी माझं ऐकावं.

त्रोन्हेम लागायला वेळ लागला. ब्योर्ग म्हणाली, “आई, केलीस का सही?”

“करतेय. पण तुझ्याकडे नाही येत मी. ब्राईविकला राहणार.”

“एकटी?”

मी खिडकीकडे पाहिलं. हिल्मर तिथे उभा होता, पाठ करून, कान लालभडक.

“ते अजून विचारायचंय त्याला,” मी म्हटलं.

मग ब्योर्ग म्हणाली, “हिल्मरकाका आहे का तिथे? दे त्याला फोन.”

मी त्याच्यापुढे रिसीव्हर धरला. “घे. तुला फोन आलाय.”

त्याने टोपी काढली, मग घेतला. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. तो फक्त म्हणत होता, “हो. हो. नाही, निळे नकोत.” मावशी हाताआड नाही, सरळ तोंड उघडून हसत होती. तुरीदने डोळे पुसले.

मग मी सही केली. चौथी. ब्राईविक लिहिलं. रेय्दारने कागद पाकिटात घातला, तुरीद त्या पाकिटावर हात ठेवून बसली, उडून जाईल म्हणून. आनंदाची गोष्ट होती आणि प्रत्येकजण जमिनीकडे बघत होता. ही जमीन, ही चार घरं, आता खरंच सुटली. पहिल्या वेळी आम्हाला आगीने काढलं, तेव्हा निदान शिव्या द्यायला कोणी होतं. या वेळी आम्हीच लिहून दिलं.

उजेड अजून तासभर होता म्हणून मी दफनभूमीत गेले. हिल्मर बरोबर निघाला, पण फाटकापाशीच थांबला, टोपी हातात घेऊन. मी एकटी आत गेले, ओलुफच्या दगडावरचा बर्फ हाताने बाजूला केला आणि त्याला सगळं सांगितलं. परवानगी नाही मागितली, नुसतं सांगितलं. तू इथे राहणार आणि आम्ही जाणार, हेही सांगितलं. ते सांगताना खूप रडले.

मागे वळून पाहिलं तर हिल्मर तिथेच उभा होता, बर्फात, उघड्या डोक्याने. फाटक उघडंच होतं. मी हाक मारली तेव्हा आत आला.